मोठ्या आतड्यातील पिशव्या : भीती कशाची, दखल कशाची

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे आप्तजन यांच्यासमोर रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपणांस जमाखर्च सांगतो. तो यंदाही अहवालाच्या उत्तरार्धात छापलेला आहे आणि लेखापरीक्षकांची त्यावर स्वाक्षरी आहे. म्हणून आज तो वाचून दाखवीत नाही. अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने मी आज एका आजाराविषयी बोलणार आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने आजाराविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल आणि ते रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच की, डॉक्टरांच्या खोलीत जो प्रश्न विचारण्याचे धाडस होत नाही, तो प्रश्न नातेवाईक बिलाच्या खिडकीशी येऊन विचारतात. वैद्यकीय स्वरूपाचे जे काही मी सांगणार आहे, ते आपल्या शल्यचिकित्सकांना व पोटविकारतज्ज्ञांना दाखवून घेतले आहे. जमाखर्चाचे जे सांगेन, ते मात्र माझे आहे.

काही महिन्यांपूर्वी मुलुंडहून एक तरुण गृहस्थ माझ्या कार्यालयात आले. हातात आईचा सीटी स्कॅनचा अहवाल होता. मूत्रखड्याची शंका आली म्हणून तो स्कॅन बाहेर काढलेला होता. खडा निघाला नाही. पण अहवालाच्या शेवटी मोठ्या आतड्यात अनेक डायव्हर्टिक्युला असल्याची एक ओळ होती. त्या एका ओळीवरून या गृहस्थांनी आईला कर्करोग झाल्याचे मनाशी ठरवून टाकले होते. आईला काही सांगितले नव्हते. पत्नीशी बोलून दागिने मोडण्याचा विचार पक्का झाला होता आणि ते माझ्याकडे शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च विचारावयास आले होते. मी त्यांना आपल्या डॉक्टरांकडे पाठविले. दहा मिनिटांत ते परत आले. शस्त्रक्रिया नाही, औषध नाही, पुन्हा स्कॅन नाही. आहाराविषयी दोन गोष्टी आणि लक्षात ठेवावयाच्या तीन खुणा, एवढेच डॉक्टरांनी सांगितले होते. गृहस्थांचा त्यावर विश्वास बसेना. 'एवढे मोठे नाव आणि उपचार काहीच नाही?' असे ते मला विचारीत राहिले.

त्या मोठ्या नावाचा अर्थ प्रथम पाहू. आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. त्याच्या भिंतीत आतून मऊ अस्तर आणि बाहेरून स्नायूंचा थर असतो. आतड्याला रक्त पुरविणाऱ्या बारीक वाहिन्या या स्नायूच्या थरातून आत शिरतात आणि जेथे त्या शिरतात, तेथे भिंत किंचित दुबळी असते. आतला दाब वाढला की त्या दुबळ्या जागी आतले अस्तर बाहेरच्या बाजूस फुगून लहानशी पिशवी तयार होते. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब त्या चिरेतून फुगा काढते, हे आपण पाहिलेले आहे. येथेही तसेच घडते. बहुतेक पिशव्या वाटाण्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या, म्हणजे पाच ते दहा मिलिमीटरच्या असतात. एखाद्याला दोन-चार असतात, एखाद्याला शंभरावर. वय वाढते तशा त्या वाढतात. युरोप-अमेरिकेत साठी ओलांडलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या आतड्यात त्या आढळतात आणि त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही.

नुसत्या पिशव्या असणे याला डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात. त्यांपैकी एखादी पिशवी सुजली, तर त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. उच्चारात थोडासा फरक, पण अर्थात जमीन-अस्मानाचे अंतर. अपेंडिक्स आपल्या प्रत्येकाच्या पोटात आहे, म्हणून आपण कोणी स्वतःला आजारी समजत नाही. अपेंडिसायटिस झाला तरच रुग्णालयात धाव घेतो. पिशव्यांकडेही त्याच दृष्टीने पाहावे. पूर्वीच्या पुस्तकांत असे लिहिलेले असे की, पिशव्या असलेल्या शंभरांपैकी दहा ते पंचवीस जणांना कधी ना कधी सूज येते. कोलोनोस्कोपी सर्रास होऊ लागल्यावर, काहीही त्रास नसलेल्या कितीतरी माणसांत पिशव्या दिसू लागल्या आणि हा अंदाज खाली आला. आता तो शंभरात पाचांहून कमी असा धरतात. आणि ज्या शंकेने त्या मुलुंडच्या कुटुंबाची झोप उडविली होती, तिचे उत्तर स्पष्ट आहे : या पिशव्यांचे कर्करोगात रूपांतर होत नाही.

जागेविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पाश्चात्त्य देशांत या पिशव्या प्रामुख्याने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या, डावीकडील अरुंद भागात होतात. जपान-कोरियाकडे त्या उजवीकडे अधिक आढळतात. आपल्याकडे दोन्ही बाजूंना दिसतात. उजवीकडची पिशवी सुजली की दुखणे हुबेहूब अपेंडिक्सचे वाटते आणि अनुभवी शल्यचिकित्सकही फसू शकतो. अशा वेळी डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला, तर 'अपेंडिक्स आहे हे उघडच आहे, मग स्कॅनचा खर्च कशाला?' असा वाद बिलाच्या खिडकीशी घालू नये, ही माझी नम्र विनंती.

आता या पिशव्या होतात कशाने, याकडे येतो. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही आणि त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक युगांडातील कंपाला येथे अनेक वर्षे काम करीत होते. लंडनमध्ये जो विकार त्यांच्या सहकाऱ्यांना रोज भेटत असे, तो त्यांना आफ्रिकेतील खेडुतांत जवळजवळ दिसेना. १९७१ साली त्यांनी आणि नील पेंटर यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून असे मांडले की, हा पाश्चात्त्य संस्कृतीचा अभावजन्य विकार आहे आणि अभाव कशाचा, तर अन्नातील चोथ्याचा. १८८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, पीठ पांढरेशुभ्र झाले, कोंडा जनावरांना जाऊ लागला, आणि त्यानंतर एका पिढीने हा विकार वाढला, अशी त्यांची मांडणी होती. ती सर्व जगाला पटली. आमच्या पिढीने 'चोथा खा' हा उपदेश ऐकला, त्यामागे या लेखाचा मोठा वाटा आहे.

पुढे २०१२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथील संशोधकांनी दोन हजारांहून अधिक लोकांची कोलोनोस्कोपी आणि आहार यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा भरपूर चोथा खाणाऱ्यांतही पिशव्या कमी नव्हत्या. उलट काहीशा अधिकच निघाल्या. मग बर्किट चुकले असे म्हणावयाचे काय? पूर्णपणे नाही. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सत्तेचाळीस हजार लोकांचा पाठपुरावा करून दाखविले की, शाकाहारी लोकांना या विकारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा वा त्याने मृत्यू येण्याचा धोका मांसाहारी लोकांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी होता, आणि भरपूर चोथा खाणाऱ्यांतही तो कमी होता. आमच्या डॉक्टरांनी याचा अर्थ मला असा सांगितला : पिशवी होण्यामागे वय आणि आनुवंशिकता यांचा हात मोठा आहे आणि तेथे आहाराचे फारसे चालत नसावे, पण झालेली पिशवी बिघडू नये, यासाठी चोथा, व्यायाम, आटोक्यात असलेले वजन आणि धूम्रपान टाळणे यांचा उपयोग दिसतो.

घाटकोपर-मुलुंडकडील आपल्या अनेक देणगीदार कुटुंबांना शाकाहाराविषयीचा हा निष्कर्ष ऐकून समाधान वाटले असेल. त्या समाधानात थोडे मीठ टाकतो, क्षमा असावी. त्या अभ्यासातील शाकाहार आणि आपल्या खाऊगल्लीतील शाकाहार एक नव्हे. वडापाव शाकाहारी आहे, शेवपुरी शाकाहारी आहे, फरसाण आणि खारीही शाकाहारीच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. त्यांनुसार शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे साडेअकरा ग्रॅम तंतुमय भाग आहे, नाचणीत अकरा, ज्वारीत दहा, आणि चक्कीवर दळलेल्या कणकेतही अकराच्या वर. मैद्यात तो तीन ग्रॅमहून कमी आणि पांढऱ्या तांदळातही तीनहून कमी. प्रौढ माणसाला दिवसाला तीस ग्रॅमच्या आसपास चोथा हवा असतो. हिशेब आपणच करावा. आपल्यातील कित्येकांचे वाडवडील घाटावरून भाकरी बांधून या मुंबईत आले, आणि दोन पिढ्यांत आपण भाकरीवरून पावावर आलो. भाकरी आता हॉटेलात जाऊन, अधिक पैसे मोजून खातो, हा भाग निराळा.

इसबगोल तर उत्तर गुजरातच्या शेतांतून सगळ्या जगाला जातो आणि आपल्या बहुतेक घरांत त्याचा डबा असतो. त्याविषयी एकच सूचना : तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. हे मुद्दाम सांगण्याचे कारण, आपल्या उपनगरांतील नोकरदार स्त्रिया पाणी पीत नाहीत. बोरिवलीहून चर्चगेटपर्यंतचा प्रवास आणि वाटेत स्वच्छ शौचालयाची खात्री नाही, म्हणून घरून निघतानाच त्या घोटभर पाणीही टाळतात. २०११ साली मुंबईत स्त्रियांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' ही चळवळ सुरू झाली, तेव्हा पुष्कळांनी ती थट्टेवारी नेली. रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

पथ्याविषयी एक जुनी समजूतही येथे दूर करावी. पिशव्या असलेल्यांनी बिया, दाणे, लाह्या खाऊ नयेत, त्या पिशवीत अडकतात, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २००८ मध्ये अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांचा अठरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यात दाणे आणि लाह्या खाणाऱ्यांत सूज वाढलेली दिसली नाही. तेव्हा पेरू खावा, संक्रांतीला तिळगूळ घ्यावा आणि आजोबांच्या पानातून शेंगदाण्याची चटणी काढून घेऊ नये.

येथपर्यंत मी आपली भीती कमी करण्याचा प्रयत्न केला. आता जे सांगणार आहे, ते आपण गंभीरपणे घ्यावे.

शौचावाटे रक्त गेले की आपल्याकडे एकच शब्द तोंडी येतो : मूळव्याध. आपल्या लोकल गाड्यांच्या डब्यांत, पुलांच्या खांबांवर, स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर मूळव्याध आणि भगंदर हमखास बरे करणारी पत्रके आपण सर्वांनी वाचली आहेत. बोरिवलीकडील एका गृहस्थांनी अशाच एका पत्रकावरचा पत्ता शोधून तेथे आठ महिने औषध घेतले. वय अठ्ठावन्न, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. रक्त कधी जाई, कधी थांबे. थांबले की औषध लागू पडले असे वाटे. आपल्याकडे आले तेव्हा जिना चढताना दम लागत होता, म्हणून आले. रक्ताविषयी त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलेही नाही. तपासणीत मूळव्याध खरोखरच होती. आतड्यात डावीकडे पिशव्याही होत्या. आणि त्या दोहोंच्या पलीकडे, उजव्या बाजूस, कर्करोगाची गाठ होती. मूळव्याध असल्याचे निदान आठ महिने खरे होते आणि आठ महिने अपुरे होते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, पुढील उपचार चालू आहेत. गाठ आठ महिन्यांपूर्वी केवढी होती, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण त्यांच्या पत्नीने तो प्रश्न मला विचारला आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पिशव्यांतून होणारा रक्तस्रावही ओळखून ठेवावा. तो बहुधा अचानक होतो, पोटात दुखत नाही, आणि एकदम पुष्कळ रक्त पाहून माणूस घाबरतो. चारांतील तिघांच्या बाबतीत तो आपोआप थांबतो. तथापि तो थांबेल की नाही, हे घरी बसून कळत नाही. म्हणून तत्काळ रुग्णालयात यावे. रक्त कोठून येते हे आतून दुर्बिणीने पाहिल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. पिशव्या आहेत हे आधीच माहीत असले, तरी 'ते पिशव्यांचेच असणार' असे गृहीत धरणे म्हणजे मूळव्याधीच्या चुकीची पुनरावृत्ती होय.

वेदनाशामक गोळ्यांचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी पिशव्यांतून रक्तस्राव होण्याचा आणि सुजलेली पिशवी फुटण्याचा धोका वाढतो. गुडघेदुखीसाठी त्या परस्पर औषधाच्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेणारी ज्येष्ठ मंडळी या सभागृहातही असतील. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन दिली असेल, तर ती मात्र माझे हे भाषण ऐकून बंद करू नये. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आहे.

सूज आली तर काय होते? पोटात खाली, बहुधा डावीकडे, एका जागी सतत दुखते, ताप येतो, बद्धकोष्ठ किंवा जुलाब होतात. बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका चाचणीत, गुंतागुंत नसलेल्या सुजेत प्रतिजैविके दिली काय आणि न दिली काय, बरे होण्यात फरक पडला नाही असे दिसले; तेव्हा डॉक्टरांनी 'निरीक्षणाखाली ठेवू' म्हटले, तर ती हेळसांड समजू नये. ऐन सुजेत कोलोनोस्कोपी करीत नाहीत. ती सहा ते आठ आठवड्यांनी, सर्व शांत झाल्यावर सांगतात, कारण स्कॅनमध्ये सुजेसारखी दिसणारी जागा कधी कधी गाठ निघते. आपल्या नोंदवहीत पाहतो, तर या टप्प्यावर रुग्ण गळतात. दुखणे थांबलेले असते, घरी कामे खोळंबलेली असतात, आणि तपासणीची तारीख मागे पडत जाते.

क्वचित सुजलेली पिशवी फुटते. घाटकोपरच्या एका चाळीत राहणाऱ्या बाई, वय बासष्ट, घरात पुतणीचे लग्न होते म्हणून चार दिवस दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर दुखणे दाबीत राहिल्या. पाचव्या दिवशी पहाटे त्यांना आणले, तेव्हा पोटात विष पसरले होते. अशा प्रसंगी आतड्याचा बिघडलेला भाग काढून वरचे टोक पोटावर आणतात आणि शौच तेथे लावलेल्या पिशवीत होते. आंरी हार्टमन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९२१ साली कर्करोगासाठी वर्णन केलेली ही शस्त्रक्रिया आहे. सर्वांनाच ती लागते असे नाही, परंतु या बाईंना लागली, आणि त्यांचा जीव वाचला.

त्यांच्या निमित्ताने माझी एक चूक आपल्यासमोर मांडतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून अमलात आलेल्या योजनेप्रमाणे, आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या असतात, आणि त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. बाईंचे रुग्णालयातील बिल त्या निधीतून भागले. पण पोटावरच्या पिशव्या घरी गेल्यावर लागतात. त्या दर काही दिवसांनी बदलाव्या लागतात, आणि दुसरी शस्त्रक्रिया करून आतडे पुन्हा जोडेपर्यंत काही महिने हा खर्च चालू राहतो. त्यांचे यजमान पिशव्यांचे बिल घेऊन आले, तेव्हा 'रुग्णास घरी सोडलेले आहे' या कारणास्तव मी ते परत केले. नियमाच्या दृष्टीने मी बरोबर असेन. आठवड्याने परिचारिकेने मला सांगितले की, बाई तीच पिशवी धुऊन पुन्हा वापरीत आहेत, आणि चाळीच्या सामाईक शौचालयात ती रिकामी करताना कोणी पाहू नये म्हणून रात्री दोनला उठतात. त्या दिवशी मी हिशेबात नवे शीर्षक उघडले. यंदाच्या अहवालात 'शस्त्रक्रियोत्तर साहित्य' अशी जी ओळ आपणांस दिसेल, ती तेव्हापासूनची आहे. मुंबईतच ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा रुग्णांसाठी काम करते. आमचे समाजसेवा अधिकारी आता रुग्णांना तिचा पत्ता देतात. बाईंचे आतडे पुढे पुन्हा जोडले गेले. उरलेल्या नऊ न उघडलेल्या पिशव्या त्यांनी कार्यालयात आणून दिल्या आणि पावती मागितली. वस्तुरूप देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे सांगण्याची वेळ आली नाही.

मोठ्या माणसांनाही हा विकार सोडत नाही. पोप फ्रान्सिस यांच्यावर जुलै २०२१ मध्ये रोम येथे याच पिशव्यांमुळे अरुंद झालेल्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी ते ८४ वर्षांचे होते. आपल्या आयसी कॉलनी आणि वसईकडील ख्रिस्ती बांधवांनी हा शब्द बहुधा तेव्हाच प्रथम वाचला असेल. त्या शस्त्रक्रियेनंतर ते कामावर परतले; २०२३ मध्ये, पिशव्या पुन्हा झाल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले. शस्त्रक्रिया केली की प्रश्न कायमचा मिटला, असे नसते.

आता देणगीदारांशी थोडे स्पष्ट बोलतो. खाट, रुग्णवाहिका, डायलिसिसचे यंत्र यांसाठी आपण उदार हस्ते देता. त्यावर नाव लिहिता येते आणि उपयोग डोळ्यांना दिसतो. कोलोनोस्कोपी ही अशी तपासणी आहे की, तिचा सर्वांत चांगला निकाल म्हणजे 'विशेष काही आढळले नाही'. काही न आढळण्यासाठी पैसे द्यावेत, हे ना रुग्णाला पटते, ना देणगीदाराला. मीही पूर्वी हिशेबाच्या वहीत तिच्याकडे असेच पाहत होतो. परंतु त्या बोरिवलीच्या गृहस्थांच्या पत्नीच्या प्रश्नानंतर मी ती ओळ निराळ्या नजरेने वाचू लागलो.

आणि अडचण केवळ पैशांची नाही, हे मला अगदी अलीकडे कळले. सवलत मंजूर होऊनही तारीख घेतलेले काही रुग्ण येत नव्हते. समाजसेवा अधिकाऱ्यांना त्यांच्या घरी पाठविले. या तपासणीआधी आतडे पूर्ण स्वच्छ करण्यासाठी दोन लिटर पाण्यात औषधाची पूड मिसळून ती थोडी थोडी पिऊन संपवावी लागते, आणि मग काही तास वारंवार शौचास जावे लागते. ज्यांच्या घरात शौचालय आहे, त्यांना ही एक गैरसोय. ज्यांच्या मजल्यावरच्या वीस खोल्यांना मिळून चार शौचालये आहेत आणि सकाळी बाहेर रांग आहे, किंवा जे वस्तीतील सार्वजनिक शौचालयावर अवलंबून आहेत, त्यांनी, विशेषतः वृद्ध स्त्रीने, हे करावे कसे? एका आजींनी अधिकाऱ्यांना सांगितले, 'बाबा, तपासणीला मी भीत नाही. आदल्या रात्रीला भिते.' आम्ही छापलेल्या सूचनापत्रकात 'आदल्या दिवशी घरीच थांबावे' असे एक वाक्य होते. ते लिहिताना प्रत्येकाच्या घरी शौचालय असेल, असे आम्ही धरून चाललो होतो.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे की, दुसऱ्या मजल्यावरील जुन्या नोंदणी कक्षाच्या जागी दोन खाटा आणि त्यांना लागून दोन स्वतंत्र शौचालये करावीत. ज्या रुग्णांच्या घरी सोय नाही, त्यांना आदल्या संध्याकाळी तेथे ठेवून तपासणीची तयारी करून घ्यावी. त्यासाठी वेगळे शुल्क नसावे. नळजोडणी आणि बांधकाम यांचा अंदाज मी काढून घेतला आहे आणि तो सभेच्या कागदपत्रांसोबत जोडला आहे. शौचालयावर देणगीदाराचे नाव लिहावे की नाही, याचा निर्णय मी आपणांवर सोपवितो. दारावर पुरेशी जागा आहे.

ज्या कुटुंबांना तूर्त काही विचारावयाचे असेल, त्यांनी बाह्यरुग्ण विभागातील समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. सोबत जुने अहवाल आणि चालू औषधांची यादी आणावी. दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्याही त्या यादीत लिहाव्यात.